सर्व्हरची सोयरीक

इंदूकाकूंनी किती लग्नं जमवली ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. पण त्यातल्या एकाही लग्नात त्या शेवटपर्यंत थांबल्या नाहीत. अक्षता पडल्या, पंगतीत बसून व्यवस्थित जेवण झालं, की पिशवी काखोटीला मारून काकू स्टँडकडे निघालेल्या असत. मुलगी सासरी निघते तेव्हा सगळा मांडव रडतो, आणि जिनं हे सगळं जुळवून आणलं ती बाई तोवर चिखलीच्या गाडीत खिडकी धरून बसलेली. मला वाटायचं, मन हळवं असेल, बघवत नसेल. एकदा विचारलंच. तर म्हणाल्या, "मी रडली ना प्रदीप, तं पोरीच्या मायले वाटीन का इले काहीतरी ठाऊक आहे."

चिखलीत माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे, आणि चार घरं पलीकडे एका खोलीत काकूंचं वधू-वर सूचक केंद्र होतं. बायोडाटा टाइप करून घ्यायला त्या माझ्याकडे यायच्या. म्हणजे मी टाइप करायचो आणि त्या मागं उभं राहून खोडायला लावायच्या. 'मनमिळाऊ' या शब्दाशी त्यांचं जुनं वैर होतं. "सगळेच मनमिळाऊ. मंग भांडते कोन गावात?" असं म्हणून तो शब्द काढायलाच लावायच्या. रंग गोरा लिहिला असला की फोटो उजेडात नेऊन बघायच्या आणि 'सावळा' करायला सांगायच्या. पोरीचे वडील कुरकुरले तर म्हणायच्या, "कायले खोटं? थे लोकं येऊन पाह्यणारच आहेत ना."

चौकशी करावी तर काकूंनी. मुलाच्या घरी त्या सगळ्यात शेवटी जायच्या. आधी गावातली पिठाची गिरणी गाठायच्या. डोणगावला एक स्थळ होतं, दुमजली घर, दारात दोन मोटारसायकली, मुलगा निर्व्यसनी. काकू गिरणीत पायलीभर ज्वारी घेऊन बसल्या आणि गिरणीवाल्याला सहज विचारलं, की त्या घरचं दळण कोण आणतं. तो म्हणाला, थोरली सून आणते, डोक्यावर. काकूंनी पीठ पिशवीत भरलं आणि घराचा उंबराही न ओलांडता परत आल्या. "दोन गाड्या उभ्या अन् सून डोक्यावर दळन घेऊन येते. मले मुलगा पाह्याची गरजच नाही," हा त्यांचा निकाल.

त्यांचे प्रश्न ठरलेले होते. घरात माणसं किती? आधीची सून नांदती आहे ती काय म्हणते? आजारपणात कोण धावतं? पगार, एकर, गाड्या हे सगळं त्या नंतर विचारायच्या, आणि तेही मुलीचे वडील मागं लागले म्हणून.

पुढं पोरं पुण्याला, हैदराबादला गेली आणि फोनवर स्थळं बघायला लागली, तेव्हा मी काकूंना वेबसाइट करून दिली. करून दिली म्हणजे मी रात्रंदिवस खपलो वगैरे काही नाही. एक तयार साचा घेतला आणि त्यात काकूंची स्थळं भरली. ती ठेवायला जागा लागते, ती एका कंपनीकडून सामाईक घेतली. एकाच मशीनवर, म्हणजे सर्व्हरवर, शेकडो लोकांच्या वेबसाइट. स्वस्तात काम झालं म्हणून मी स्वतःवर खूश होतो.

वेबसाइटवर काकूंनी एक बंद कप्पा करून घेतला होता. पुनर्विवाहाचा. विधवा, घटस्फोटित, सोडून दिलेल्या बायकांची नावं आणि फोटो त्यात होते, आणि काकूंनी हो म्हटल्याशिवाय ते कोणालाही दिसत नसत. बऱ्याच जणींच्या घरी याचा पत्ताच नव्हता. डोणगावचीच रेखा त्यात होती. नवरा अपघातात गेलेला, पाच वर्षांची मुलगी, शिवणकाम करून सासरीच राहणारी. सासूला कळलं तर काय होईल या भीतीनं तिनं वर्षभर फोटोच दिला नव्हता. शेवटी काकूंच्या शब्दावर दिला.

आणि एका सकाळी तो कप्पा उघडा पडला. आमच्याच मशीनवरच्या दुसऱ्या कोणाच्या तरी वेबसाइटमध्ये चोर शिरले आणि त्या वाटेनं आमच्याकडे आले. मी दुकान उघडून पाहिलं तर रेखाचा फोटो, नाव, गाव, सगळं कोणीही पाहावं असं समोर. मी तात्काळ सगळं बंद केलं. कोणी ओळखीच्यानं पाहिलं नव्हतं, पण हे कळायला आठ दिवस गेले. त्या दिवशी मात्र दुकान तसंच उघडं टाकून मी काकूंच्या खोलीत गेलो आणि सांगितलं.

काकूंनी पायात चपला घातल्या आणि मिळेल त्या गाडीनं डोणगावला गेल्या. रेखाला स्वतः सांगून संध्याकाळी परतल्या.

"थे काय म्हणाली ठाऊक आहे?" त्या माझ्या दुकानाच्या पायरीवर बसत म्हणाल्या. "म्हणे, काकू, माहं नाव त्यातून काढू नका. पन पुन्हा असं होऊ देऊ नका. शिवी देल्ली असती तं बरं वाटलं असतं मले."

मग जरा वेळानं त्यांनी मला मुदत दिली. "तुळशीच्या लग्नाआधी आपल्याले सोताचं घर पाह्य. दुसरं कोनी नको त्यात. नाही भेटलं तं थो कप्पा मी बंद करते. लोकाच्या पोरी अशा रस्त्यावर ठेवायच्या नाहीत मले."

कप्पा बंद करणं म्हणजे काय, हे मला माहीत होतं. कुमारिकांना स्थळं आणणारे पन्नास जण आहेत. या बायकांसाठी जिल्ह्यात हिंडणारी एवढी एकच बाई होती.

ज्यांना यातलं कळतं ते आता हसतील, की एवढ्याशा कामाला अख्खा सर्व्हर कशाला. मीही काकूंना तेच सांगून पाहिलं. म्हटलं, एकाच मशीनचे भाग पाडून देतात, प्रत्येकाचा भाग वेगळा, स्वस्तही पडतो. काकूंनी विचार केला. "म्हणजे चूल येगळी, पन आंगन एकच?" म्हटलं, तसंच काहीसं. "मंग नको. दुधानं एकदा तोंड भाजलं आहे माहं." तर अख्खं मशीन आपलं, असाच सर्व्हर शोधायचा ठरलं, आणि तोही आमच्या ऐपतीतला.

मी तीन ठिकाणचे भाव मागवले आणि काकूंनी स्थळं पाहावीत तसे ते तीन कागद पुढ्यात मांडले. पहिल्या कंपनीच्या कागदावर जिथं तिथं 'अमर्याद' लिहिलेलं. काकूंनी मला तो शब्द दोनदा वाचायला लावला. "वावर किती एकर, थे सांगा म्हणा. अमर्याद वावर कोनाचं असते?" मी फोन करून विचारलं. समोरच्या मुलानं पुन्हा अमर्यादच सांगितलं, आणि नंतर आठ दिवस रोज फोन करून घ्या घ्या म्हणत राहिला. तो कागद बाद होऊन पिशवीत गेला.

दुसरी कंपनी सगळ्यात स्वस्त. मशीन पूर्ण आपलं, एकट्याचं, कोणाचं येणं-जाणं नाही. तिसरी नागपूरची, छोटी. त्यांचं मशीन जुनं होतं, आधी कोणीतरी वापरलेलं, आणि तरीही दुसरीपेक्षा थोडं महाग. तिथं काकूंनी स्वतः फोन लावला, मुद्दाम रविवारी, जेवायच्या वेळेला. मोहोड नावाच्या गृहस्थांनी घास तोंडात असतानाच उचलला. काकूंनी मी लिहून दिलेला एक तांत्रिक प्रश्न अडखळत वाचला. ते म्हणाले, "बाई, हे मला आत्ता नाही सांगता येणार. पाहून सांगतो." तासाभरानं त्यांचा फोन आला आणि उत्तर मिळालं.

"मानूस बरा वाटते," काकू म्हणाल्या. "ठाऊक नाही म्हणाला थो."

आणि एवढं सगळं झाल्यावर आम्ही दुसरी कंपनी घेतली.

का घेतली, तर स्वस्त होती म्हणून, हे माझं कारण. काकूंचं कारण वेगळं, आणि ते आठवलं की मला आजही गंमत वाटते. हल्ली मुलीचे आईबाप येतात तेच मुळी एक अट घेऊन: मुलगा एकटा पाहिजे, घरात सासू नको, नणंद नको. या अटीवर काकू रोज वाद घालायच्या. "बाळंतपनात तिले पानी कोन देईन? ताप आला तं उशाशी कोन बसीन?" त्यांचा हा प्रश्न मी माझ्या दुकानात बसून शेकडो वेळा ऐकला होता. पण पोळलेल्या माणसाचं असंच होतं. शेजारच्यामुळं चोर आले म्हटल्यावर काकूंना शेजारीपाजारी, घरची माणसं, कोणीच नको झालं. एकट्याचं घर, बस्स. त्यांनी पिशवीतून अडकित्ता काढला आणि माझ्या टेबलावर सुपारी फोडली. सुपारी फुटल्यावर पुढं चौकशी करायची नाही, हा त्यांचा नेम. नाहीतर आजारपणात कोण धावतं, हा तिसरा प्रश्न अजून विचारायचा राहिला होता, हे दोघांपैकी एकाच्या तरी लक्षात आलं असतं.

वेबसाइटचं सामान नव्या मशीनवर हलवलं. मी त्याच दिवशी जुनी जागा सोडून द्यायला निघालो, तर काकूंनी हात धरला. "काऊन बंद करतो? पोरगी सासरी गेली म्हनून मायबाप दार लावून घेतात का? चार दिवसानं परतनीले येतेच थे. महिना-दोन महिने राहू दे." बंद कप्पा तेवढा तिथून पुसून टाकायला लावला, माझ्या लॅपटॉपवर त्याची प्रत ठेवायला लावली, बाकी सगळं जुन्या जागी तसंच ठेवलं. दुहेरी खर्च होतोय म्हणून मी मनातल्या मनात कुरकुरलो.

तुळशीचं लग्न झालं, हंगाम सुरू झाला, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी वेबसाइट गप्प झाली. लोकांचे फोनवर फोन. मी कंपनीला फोन लावला. तिथली मुलगी अतिशय गोड आवाजात म्हणाली, "सर, मशीन चालू आहे. आतलं तुम्हीच बघायचं असतं." दोन तासांनी कळलं की आतली डिस्कच गेली होती. त्यांनी नवी बसवून दिली, कोरी. त्यांचीही चूक म्हणता येणार नाही. कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, देखभाल ग्राहकाची. मी ते वाचलं नव्हतं. ज्या दिवशी दुकानातला पंखा बिघडतो त्या दिवशी मी वायरमनला बोलावतो, असा मी माणूस. सर्व्हरची देखभाल मी काय करणार होतो.

काकूंना सांगितलं तेव्हा मी त्यांच्या नजरेला नजर देऊ शकलो नाही. त्या मात्र हसल्या. माझ्या आठवणीत त्या इतक्या मोकळ्या हसलेल्या हीच वेळ.

"रोज लोकाच्या मायबापाले सांगते, प्रदीप. एकट्याचं घर पाहू नका, पाहू नका. अन् सोता थेच करून बसली." मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "लाव फोन थ्या घास खानाऱ्याले."

या वेळी सगळी चौकशी झाली. मोहोडांनी आधीच सांगून टाकलं की मशीन चार वर्षं वापरलेलं आहे, म्हणूनच आमच्या ऐपतीत बसतं.

"बिजवर चालते हो," काकू म्हणाल्या. "माहं अर्धं काम बिजवराइचंच आहे. फक्त पयलीचं काय झालं थे सांगा."

मोहोडांना क्षणभर कळेना. मग म्हणाले, "पहिलं गिऱ्हाईक मोठं झालं, त्यांना मोठं मशीन लागलं. ते अजून आमच्याकडंच आहेत. नंबर देऊ?"

"द्या. अन् आजारी पडलं तं?"

"आम्ही चौघं आहोत, पाळी लावून घेतली आहे. देखभाल आमच्याकडं. रोज एक प्रत दुसऱ्या मशीनवर काढून ठेवतो." मग त्यांनी उलट विचारलं, "पण बाई, आत असं काय आहे की तुम्ही एवढं विचारून राह्यल्या?"

काकूंनी सांगितलं. रेखाचं नाव न घेता सगळं सांगितलं. मग मोहोड म्हणाले, "मग त्या कप्प्याला असं कुलूप लावू की आम्हालाही आतलं दिसणार नाही. किल्ली फक्त तुमच्याकडं."

"तुमाले बी नाही?"

"आम्हालाही नाही."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. अडकित्ता बाहेर आला.

पैसे थोडे कमी पडत होते, तर काकूंनी केंद्राची खोलीच सोडली आणि टेबल माझ्या दुकानात आणून मांडलं. जागा माझी अडली आणि तक्रार करायची सोय मला उरली नाही. जुन्या जागी ठेवलेली वेबसाइट आम्ही त्याच दुपारी पुन्हा चालू केली. परतणीला आलेली पोरगी कामाला आली. मधल्या दिवसांतल्या नव्या नोंदी तिथं नव्हत्या, पण काकूंच्या वहीत होत्या, कारण वहीत लिहिल्याशिवाय कुठलीही नोंद त्यांना खरी वाटत नसे. तीन दिवस त्या चष्मा सावरत वाचत होत्या आणि मी टाइप करत होतो. एके ठिकाणी थांबून म्हणाल्या, "इथं तू मनमिळाऊ टाकलं का बे?" टाकलं होतं. काढलं.

बंद कप्पा नागपूरच्या मशीनवर पुन्हा सुरू झाला, कुलपासकट. रेखाचं नाव त्यात सगळ्यात आधी भरलं.

तिला स्थळ आलं ते वडनेर भोलजीचं. वांगी-टमाट्याचा मळा, बायको आजारपणात गेलेली, सहा वर्षांचा मुलगा. काकू गिरणीत जाऊन आल्या. माझ्या दुकानात शिरल्या त्याच सांगत, "दळन सोताच आनते थो. पोराले संग घेऊन येते अन् दळन होईलोक त्याले पाढे म्हनाले लावते." स्थळ इथंच पक्कं झालं होतं, पण रेखाच्या सासूला सांगायचं कोणी? काकू गेल्या. जाताना मला म्हणाल्या, शिव्या खाऊन येते. परत आल्या त्या थेट आपल्या टेबलाशी बसल्या. पाणी पिऊन म्हणाल्या, "थे सासू काय म्हणे, मले सांगतलं असतं तं मीच घेऊन आली असती इले तुमच्याकडं. वरीसभर दोघी एकमेकीच्या भेवानं गप होत्या पाह्य."

देवळात साधं लग्न झालं. पोरीकडून सासूच उभी राहिली. काकू जेवून नेहमीसारख्या आधीच निघाल्या आणि थेट माझ्या दुकानात आल्या. ज्याचं लग्न झालं त्याची नोंद पुसायची, आणि ती काकूंनी स्वतःच्या बोटानं पुसायची, असा रिवाज होता. रेखाचा फोटो त्यांनी थोडा वेळ पाहिला. मग बटण दाबलं. "आता कुठंच नाही ना?" लॅपटॉपवरची प्रत मी आधीच पुसली होती, आणि नागपूरच्या रोजच्या प्रतीतूनही ती त्याच रात्री जाणार होती. म्हटलं, कुठंच नाही.

गेल्या वर्षी काकूंचे गुडघे पार गेले. गिरण्या हिंडणं बंद झालं आणि जालन्याची लेक त्यांना न्यायला आली. केंद्र आता मी चालवतो. वह्या माझ्याकडं आहेत, किल्लीही माझ्याकडं आहे, आणि अडकित्ता त्यांनी नेला.

स्टँडवर मी पोचवायला गेलो होतो. लेकीनं त्यांना खिडकीशी बसवलं. गाडी सुटायला वेळ होता, तर काकूंनी खिडकीतून माझ्याकडे हात केला आणि म्हणाल्या, "नागपूरले लाव." मी मोहोडांना फोन लावून त्यांच्या हातात दिला. दोघं एकमेकांना कधी भेटले नव्हते. काकूंनी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"मोहोडसाहेब, मी चाल्ली लेकीकडं," त्या म्हणाल्या. "प्रदीप आहे इथं, पन थो तसा कच्चा आहे. माह्या पोरी मी तुमच्या वटीत टाकल्या. सांभाळा."

पलीकडून ते काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. काकूंनी फोन परत दिला तेव्हा त्या रडत होत्या. इतक्या लग्नांतून जेवून निघून गेलेली ही बाई, भर स्टँडवर, खिडकीत बसून पदर न लावता रडत होती, आणि मला भलतीच चेष्टा सुचली.

"काकू, तुम्ही रडता म्हणजे तुम्हाला काहीतरी ठाऊक आहे."

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली तशा त्या खिडकीतून वाकल्या.

"हाव," त्या म्हणाल्या. "घर चांगलं भेटलं पोरीइले."